निसवलेल्या भाताचा हिरवा

८ ऑगस्ट २००४, रविवार

कारखान्यात ओतकामाच्या प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी लागे. तारीख, रेझिन किती, हार्डनर किती, हवा कशी, माल कसा निघाला. बावीस वर्षे ती नोंद मी लिहिली. आमचे फोरमन म्हणत, नोंद नसली की माणूस जुनीच चूक नवी समजून करतो. म्हणून ही वही.

आज हरेश आला होता. तो माझ्या हाताखाली शिकला. कारखान्याने आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिल्यावर त्याने वाशिंदला एक शेड घेतली आणि रेझिनचे कीचेन करू लागला. आत फूल, शिंपला, देवाचा फोटो असे काहीतरी असते. मला एक दिला. उजेडात धरला आणि बघतच राहिलो. बावीस वर्षे आम्ही विजेच्या पेट्यांतले इन्सुलेटर ओतले, सगळे एकाच तपकिरी रंगाचे. रेझिन मुळात पाण्यासारखे नितळ असते हे मी विसरूनच गेलो होतो.

"काका, घरात बसून कौलं काय मोजताय?" हरेश म्हणाला. "हा रेझिनचा डबा, हा हार्डनरचा. ठेवून जातो. करा कायतरी."

तो गेल्यावर कीचेन फिरवत बसलो आणि एकदम डोक्यात आले. बांगड्या! माझ्या बायकोने, सुंदराने सांगितलेल्या रंगाच्या.

गेल्या वर्षी गौरी विसर्जनाच्या दिवशी आम्ही दोघे आसनगाव स्टेशनवरून घरी येत होतो. मोठ्या बांधावर ती थांबली. भात निसवत होता, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. म्हणाली, "या रंगाच्या बांगड्या कुठं मिळत नाय. बाजारातला हिरवा नुसता ओरडतो." मी म्हटले, बघू. नोव्हेंबरात ती गेली.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात. तिला साडी आणि हिरव्या बांगड्या देतात. आमच्या घरात ही सवाष्ण म्हणजे घरची लेक. आमची कुणाली मुरबाडकडे धसईला दिली आहे. सुंदरा आजारी होती हे तिला आम्ही कळवले नाही. कळवले तेव्हा सगळे उरकले होते. तेव्हापासून ती या घराची पायरी चढलेली नाही. तिला मुलगी झाली, तीही मी पाहिलेली नाही. त्यावर मला जास्त लिहायचे नाही.

यंदा नवमी ७ ऑक्टोबरला आहे. साठ दिवस. आईने मागितलेल्या रंगाच्या बांगड्या आहेत म्हटल्यावर कुणाली येईल, असे मला वाटते.

१० ऑगस्ट

घाणा पहिला. भाताची पात वाटून रस काढला, गाळला, रेझिनमध्ये घातला. वाटले, ज्याचा रंग हवा त्याचाच रस घ्यावा, यापरते सोपे काय? मग घट्ट होण्यासाठी हार्डनर घातला. बारा तास झाले, अठरा झाले, बोट लावले तर गुळाच्या पाकासारखे चिकट. रसात पाणी असते आणि रेझिनला पाण्याचे वावडे. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हे सांगून मी त्यांचे कान पकडायचो. आज स्वतःचा धरला.

१४ ऑगस्ट

हळद! चिमूटभर हळद घातली तर काय सोन्यासारखा पिवळा आला. शहापूरच्या रंगवाल्याकडून हिरव्या रंगाची कोरडी पूड आणली होती, तिच्यात हा पिवळा मिसळला. काचेच्या पट्ट्या कापून घेतल्या आहेत, प्रत्येकीवर एक थेंब, मागे आकडा. सात नमुने झाले. सातही वेगळे! दोनच रंगांचे सात रंग होतात हे चोपन्नाव्या वर्षी कळले. पट्ट्या खिडकीत उन्हाला लावून ठेवल्या आहेत. येता-जाता बघतो. जेवताना ताट घेऊन तिकडेच बसलो.

१९ ऑगस्ट

सातही नमुन्यांतला पिवळा उडाला. हळद उन्हाला टिकत नाही. वर रेझिन स्वतःच जरा पिवळट पडते ते निराळेच, म्हणजे माझा पिवळा जातो आणि नको तो येतो.

शेजारच्या गुणाबाई काकींना पट्ट्या दाखवल्या. त्या सत्तरीच्या आहेत, पण सुई स्वतः ओवतात.

"पांढरा सदरा पिवळा पडला तर काय करतात रे?"

"काय करतात?"

"नीळ घालतात! बावीस वर्सं ती पोर तुजे सदरे निळीत बुडवत होती, आन तुला दिसलं नाय?"

खरेच दिसले नाही. कारखान्यात तपकिरी धूळ, पण रविवारचा सदरा कायम पांढराशुभ्र. मला वाटायचे कापडच चांगले आहे.

मोरीच्या कोनाड्यात निळीची पुडी होती, अर्धी उरलेली. पाण्यात कालवली नाही, कोरडीच घेतली, टाचणीच्या टोकावर मावेल एवढी. पिवळट रेझिन एकदम निवळले. थोडी जास्त घातली तर निळसर. आणि हळदीऐवजी रंगवाल्याकडून आणलेल्या पिवळ्या पुडीबरोबर घातली तर हिरवा, स्वतः तयार केलेला! बाजारच्या हिरव्या पुडीची आता गरजच नाही. आनंदाच्या भरात काकींकडे धावत गेलो. त्या म्हणाल्या, "चहा झालाय, बस. आन हात धू आदी, निळा मारुती झालास."

२७ ऑगस्ट

मुरबाडला गेलो. चंदाबाई कासारणीच्या दुकानात. सुंदरा तिथेच बांगड्या भरायची. दुकानात सगळ्या बायका, मी एकटा पुरुष. पाय आत पडत नव्हता, पण रंग बघायचे होते.

"काय देऊ भाऊ?"

"हिरवे. जेवढे असतील तेवढे दाखवा."

तिने बारा प्रकारचे हिरवे मांडले. मी खिशातून पट्ट्या काढल्या आणि एकेक बांगडीशेजारी धरू लागलो. बायका बघायला लागल्या. एक म्हणाली, "भाऊ, साडी आणलीत का मॅचिंगला?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो असेन.

सुंदरा म्हणाली ते खरे आहे. बाराही हिरवे ओरडतात.

चंदाबाईने विचारले, "माप काय?" मला सांगता येईना. बायकोचे माप माहीत नाही, लेकीचेही नाही. तिनेच मग चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि ओळखले. "सुंदराताईंचे तुमी? त्यांचा हात दोन-चारचा. लेकीचापण तोच. एका साच्यातून काढल्यात दोघी."

म्हणजे सुंदराची खोट्या सोन्याची पाटली घरात आहे, तिच्यावरून साचा घेता येईल. मोठे काम झाले. एसटीत बसल्यावरही पट्ट्या काढून बघत होतो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला.

५ सप्टेंबर

हरेशने साच्याचे रबर दिले. पाटलीवरून साचा सुरेख उठला, पाटलीवरचा एक पोचासुद्धा त्यात आला आहे.

पहिली बांगडी ओतली आणि फसलो. वाटीत रंग गडद आणि भरदार दिसत होता, बांगडीत फिका पाणचट. जाड थर आणि पातळ थर यांत एवढा फरक. आता नमुने बांगडीच्या जाडीचेच करायचे. रंगवाल्याकडची पांढरी पूड कणभर घातली की आरपार दिसणे कमी होते आणि रंग अंगात भरतो, हेही समजले. रोज काहीतरी नवीन समजते आहे! पहाटे जाग येते ती रंग डोक्यात घेऊनच.

मोठ्या बांधावरून आलो. लवकर येणारा हळवा भात निसवला आहे, छान दिसतो. पण आज बघून उपयोग नाही. ती बोलली ते गौरी विसर्जनाच्या दिवशी, आणि यंदा गौरी विसर्जन २२ तारखेला आहे. त्या दिवशी बांधावर उभे राहून नेमका रंग जुळवायचा. तोपर्यंत हात तयार करून ठेवतो.

बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ उठले आहे. खाजते. हार्डनरचा गुण. सांगण्यासारखे काही नाही.

१३ सप्टेंबर

हवा दमट, घाण्यावर सायीसारखा पांढरा थर येतो. खोक्यात दिवा लावून त्यात पट्ट्या वाळवल्या. थर बंद. नमुना एकोणतीसपर्यंत आलो.

पुरळ मनगटापर्यंत. बाह्या खाली सोडून बटणे लावतो.

२२ सप्टेंबर, गौरी विसर्जन

आज फार मोठी चूक कळली.

यंदा आमच्याकडे गणपती नाही. सकाळीच पट्ट्यांची पेटी घेऊन मोठ्या बांधावर गेलो. बायका गौरी घेऊन ओढ्याकडे चालल्या होत्या, अगदी गेल्या वर्षीसारख्या. आणि शेत पिवळे! सगळा हळवा पिकत आलेला, लोंब्या वाकलेल्या. हिरवा कुठेच नाही. तिथेच बसून राहिलो.

काकी विसर्जनाहून येताना थांबल्या. सगळे सांगितले. त्या कपाळावर हात मारून हसल्या.

"अरे राघो, यंदा श्रावण दोन झाले ना रे! अधिक म्हयना आला. गौर आली उशिरा. भाताला काय पंचांग कळतं?"

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो आणि तिथीवरून भाताचा रंग शोधत बसलो. गेल्या वर्षीची ती तारीख काढली, ५ सप्टेंबर. म्हणजे यंदा त्याच तारखेला मी त्याच बांधावर होतो. छान दिसतो असे लिहिलेही आहे वर. बघून उपयोग नाही असेही लिहिले आहे.

नवमीला पंधरा दिवस उरले.

२३ सप्टेंबर

रात्र वाईट गेली, पण सकाळी मार्ग सुचला! हळवा गेला, गरवा आहे. गरवा भात उशिरा निसवतो, तो आत्ता कुठे त्या रंगावर आला असेल. आमच्या गावात गरवा कोणी लावत नाही. पाणथळ जमीन लागते.

काकींना विचारले, गरवा कुठे मिळेल? त्या म्हणाल्या, "तुज्या लेकीच्या दारात."

खरे आहे. धसईला दिपेशची, म्हणजे जावयाची, सगळी जमीन गरव्याची. स्टेशनजवळच्या बूथवरून त्याला फोन केला. म्हणाला, "या मामा. निसवलाय बघा आताच."

उद्या नको. परवा जातो.

२५ सप्टेंबर, शनिवार

आजची नोंद मोठी आहे.

धसईला दिपेश एसटीजवळ उभा होता. "तुमी येताय हे तिला सांगितलं नाय, मामा. सांगितलं असतं तर शेजारी जाऊन बसली असती."

कुणाली ओटीवर तांदूळ निवडत होती. बारीक झाली आहे. शेजारी गोधडीवर मुलगी, अक्षदा. नाक सुंदराचे. कुणालीने मान वर केली, खाली घातली आणि म्हणाली, "पाणी देते."

पाणी प्यालो. मग कामाचेच बोललो. "गरवा बघायचा होता. निसवलाय म्हणे."

"दहा म्हयन्यांनी आलात ते भात बघायला?"

"हो," मी म्हटले.

दिपेशला ठसका लागला.

तो मला शेताच्या बांधावर नेऊन सोडून परत गेला. आणि काय सांगू! तोच रंग. वाऱ्याने लोंब्या हलत होत्या, वर पोपटी, खाली गडद, मधे कुठेतरी तो, एवढासा, हलताना दिसतो आणि जातो. मी पेटी उघडली आणि एकतीसच्या एकतीस पट्ट्या बांधावर मांडल्या. एकेक लोंबीशेजारी धरत होतो. नववा जवळ होता. सतरावा त्याहून जवळ. पण काहीतरी चुकत होते, आणि काय ते समजत नव्हते.

"तो नाय. तो पोपट झाला."

मागे कुणाली उभी होती, कडेवर मुलगी, हातात चहाचा पेला.

"मग हा?"

"तो शेवाळ."

"हा सतरावा बघ."

ती खाली बसली. पट्टी उजेडात धरली, मग लोंबीला लावली, डोळे बारीक केले. सुंदरा अशीच तांदळातला खडा शोधायची. "बाबा, तुमचा हिरवा कच्चा हाय. आई रांगोळीचा हिरवा जसाच्या तसा कधी वापरायची नाय. गेरूची चिमूट टाकायची. म्हणायची, हिरव्याला जरा माती दाखवावी लागते."

मला उडी मारावीशी वाटली. तांबडा! हिरव्याचा ओरडा तांबड्याने बसतो. एकतीस नमुन्यांत मी हिरव्यात हिरवाच घालत बसलो होतो. मी तिला सगळे सांगत सुटलो, हळद कशी उडाली, नीळ कशी सापडली, चंदाबाईच्या दुकानात बायका कशा हसल्या. तीसुद्धा हसली. बांगड्या कोणासाठी तेही सांगितले.

"हा रंग आईनं तुमाला कधी सांगितला?"

"गेल्या गौरी विसर्जनाला. कल्याणच्या दवाखान्यातून येत होतो ना, तेव्हा."

बोलून गेलो. कुणालीने हातातली पट्टी खाली ठेवली.

"गेल्या गौरीला मला सातवा होता."

"हो."

"तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच दिवशी रिपोर्ट मिळाला."

"मग त्याच आठवड्यात आईचा फोन आला तो? घराचं काम काढलंय, पयल्या बाळंतपणाला येऊ नको, म्हणाली. मी किती रडले होते." ती भाताकडे वळली. "मला सांगायचं नाय हे कोणी ठरवलं, बाबा? तुमी का तिनं?"

सुंदराने त्या दिवशी याच रंगाशेजारी माझ्याकडून शब्द घेतला होता. ती म्हणाली होती, पोर पोटुशी आहे, तिला कळता कामा नये, आणि मी सांगितले असे पुढेही कधी सांगू नका, माझ्यावर राग धरून तिला रडता येणार नाही. मी शब्द दिला होता.

मी पट्टी उचलली आणि म्हटले, "या सतराव्यात पांढरा जास्त झालाय."

कुणालीने माझ्याकडे पाहिले. मग मुलीला माझ्या मांडीवर ठेवले आणि एकदम उठून, पदर तोंडाला लावून घराकडे गेली. पुन्हा दुखावली. सगळे जमत आले होते आणि मीच घालवले. मुलीने सतरावी पट्टी तोंडात घालायचा प्रयत्न केला. तिला नऊ नंबर दिला, तोही काढून घेतला, मग माझे बोट दिले. पुरळ नसलेले एकच बोट होते.

एसटीला निघालो तेव्हा कुणालीने पिशवी हातात दिली आणि आत गेली. नवमीला येशील का, हे विचारायला मला तोंड नव्हते. वाटेत पिशवी उघडून पाहिली. निसवलेल्या लोंब्यांची जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, सुकून रंग जाऊ नये म्हणून.

२७ सप्टेंबर

माळ्यावर सुंदराचा रांगोळीचा डबा आहे. दहा महिने हात लावला नव्हता. आज काढला. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीला दोरा. गेरूची पुडी सोडली आणि ओळखलेच. गेरू कसला, ही आमच्या कारखान्यातली तपकिरी पूड! एका दिवाळीला तिने मागितली होती. फरशीवर सांडलेली झाडून आणून दिली होती मी, आणि म्हटले होते, या कचऱ्याचे काय करणार? तिने ती चाळून, बांधून ठेवली होती.

जो रंग बावीस वर्षे ओतला, ज्याचा कंटाळा आला, जो तिने माझ्या कपड्यांतून बावीस वर्षे धुतला, तोच.

नमुना बत्तीस. पिवळा दोन चिमटी, नीळ एक, पांढरा कणभर, आणि गेरू सुईच्या टोकावर. ढवळले. काही झाले नाही. आणखी ढवळले. मग रंग गप्प बसला. ओरडायचा थांबला. ओल्या फडक्यातली लोंबी काढून शेजारी धरली आणि मला दोन्ही वेगळे दिसेनात.

मी ओरडलो असणार, कारण काकी काठी घेऊन आल्या. "काय झालं रे? साप निघाला का?"

"रंग निघाला, काकी!"

"मेल्या, माजा जीव निघाला असता." पण मग त्यांनी वाटी उचलून उजेडात धरली. "सुंदरा असती तर नाचली असती," एवढेच म्हणाल्या.

२ ऑक्टोबर

सहा बांगड्या ओतल्या. घाणा स्वच्छ, बुडबुडा नाही, साय नाही. रोज एक घासतो, बारीक पॉलिश कागदाने, मग खोबरेलाने. उन्हात धरली की आत उजेड शिरतो आणि बाहेर यायचे विसरतो.

हातांची कातडी सोलते आहे. पेला धरवत नाही. काकी विचारत होत्या, हात का लपवतोस? म्हटले, रंग लागलाय.

धसईहून निरोप नाही.

५ ऑक्टोबर

निरोप नाही. बांगड्या तयार आहेत. सहाच्या सहा एका रंगाच्या. आली नाही तर नदीत सोडायच्या की ठेवायच्या, ठरवलेले नाही.

७ ऑक्टोबर, अविधवा नवमी

आली!

पहिल्याच एसटीने, दिपेश आणि मुलीला घेऊन. दारात क्षणभर थांबली, मग सरळ आईच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, "काकी, हा खोबऱ्याचा डबा इथं कोणी ठेवला? याची जागा ही नाय!" दहा महिने मीच ठेवत होतो. घर एकदम घरासारखे वाटू लागले.

दोघींनी खीर, वडे, भाजी केली. फोटोपुढे पान ठेवले. कुणाली जेवली. काकींनी तिची ओटी भरली नाही. त्या विधवा. म्हणाल्या, मी या कामाला हात लावत नाय. साडी दिपेशने दिली. बांगड्यांचे अडले. काकी भरेनात, आणि शेजारच्या सुना सगळ्या शेतावर.

"बाबा, तुमी भरा," कुणाली म्हणाली आणि हात पुढे केला.

बापाने लेकीला बांगड्या भरलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पण डबी उघडली. तिने एक बांगडी उचलली, खिडकीत नेली आणि तिथेच उभी राहिली. मग परत येऊन बसली.

"आईनंच सांगितलं होतं ना, मला कळवू नका म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमी. बांधावर."

"मी तर काही बोललो नव्हतो."

"तेच तर," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण रागावलेली दिसत नव्हती. काकी म्हणाल्या, "कसा बोलणार! मुका मेला." सुंदराला दिलेला शब्द मोडला की राहिला, हे मला अजून कळलेले नाही.

मी पहिली बांगडी भरली. माप बरोबर. दुसरी भरताना तिने माझे मनगट धरले आणि बाही वर सारली.

"हे काय झालंय?"

काही नाही, हे तोंडापर्यंत आले होते. नेहमीसारखेच. ती मनगट सोडेना. एका हातात निसवलेल्या भाताचा हिरवा, आणि वाट बघत होती.

मग सांगितले. महिना झाला. हार्डनरने होते. आधी बोटांत होते, आता कोपरापर्यंत आले. रात्री खाजते, झोप लागत नाही. भाकरी मोडता येत नाही म्हणून भात खातो. सांगायला लागलो तर बरेच निघाले.

दिपेश म्हणाला, "मामा, उद्या डॉक्टरकडं. आमी आज इथंच राहतोय." कुणालीने उरलेल्या चार बांगड्या स्वतःच भरल्या आणि मग माझे दोन्ही हात मांडीवर घेऊन खोबरेल लावत बसली. बांगड्या वाजत होत्या. काचेसारख्या वाजत नाहीत, जरा जड, खालच्या सुरात, लाकूड वाजावे तशा. हे मला आधी माहीत नव्हते.

आता ती आणि काकी ओटीवर कुठल्यातरी गोष्टीवर हसत आहेत. लिहिताना हाताचे तेल वहीला लागते आहे आणि जिथे लागते तिथे कागदातून मागच्या पानावरचे दिसते: गेरू सुईच्या टोकावर.

नोंद. बांगड्या सहा. हवा कोरडी. माल चांगला निघाला. हात खाजतात, सांगितले.